विनातारण प्यादे

बावीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाच्या हातून कुणाला काही फुकट दिले जात नाही. हा कंजूषपणा नव्हे, सवय आहे. शेजारणीने वाटीभर साखर मागितली तरी जामीनदार कोण, हा प्रश्न माझ्या ओठांवर येतो आणि मोठ्या कष्टाने मी तो गिळतो. अशा माणसाने बुद्धिबळाच्या पटावर बसताच, चौथ्याच खेळीला, एक धडधाकट प्यादे समोरच्या उंटाच्या तोंडात द्यावे, आणि तेही विनातारण, याचे आमच्या हिला राहून राहून नवल वाटते.

"कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याशी भांडता आणि बाबांना प्यादं फुकट देता?" असे ती म्हणते.

बाबा म्हणजे माझे सासरे. ते तारखात्यातून निवृत्त झाले. ऐन उमेदीची सगळी वर्षे त्यांनी एका तालुक्याच्या गावी तारमास्तर म्हणून कट्ट-कड-कट्ट करण्यात घालवली. शब्दाला पैसे पडतात हा संस्कार त्यांच्यावर इतका पक्का झाला आहे, की तारखाते गेले तरी तो गेला नाही. १५ जुलै २०१३ पासून आपल्या देशातली तारसेवा बंद झाली. त्या दिवशी आम्ही सांत्वनाला फोन केला, तर पलीकडून दोनच शब्द आले, "कळलं. ठीक." चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. तेव्हापासून ते गावी एकटेच असतात. आमच्याकडे या म्हटले की म्हणतात, "येऊन करू काय? लिफ्टमधून वरखाली?" हिचा रोज फोन जातो. तो सरासरी अकरा सेकंद चालतो.

शेवटी आमच्या चिरंजीवांनी आजोबांच्या मोबाइलवर बुद्धिबळाचे एक अ‍ॅप घालून दिले. त्यात सवडीने खेळायचा एक प्रकार आहे. एका खेळीला तीन दिवसांची मुदत. तुम्ही सोमवारी घोडा हलवा, समोरचा गुरुवारपर्यंत विचार करील. मुदत टळली की डाव गेला. पटाच्या खाली निरोप लिहायला एक चौकोन असतो. त्या चौकोनात सासरेबुवांच्या तारा येऊ लागल्या. "प्यादे घेतले. पाऊस. गुडघा बरा." मी ती तार हिला वाचून दाखवायचो. अकरा सेकंदांच्या फोनवर जे कळत नव्हते, ते असे कळू लागले.

पहिल्याच आठवड्यात आमचा वाद झाला. मी म्हटले, सुरुवातीला एक प्यादे देऊन टाकावे, त्या बदल्यात वेळ मिळतो, मोहरे भराभर बाहेर येतात. त्यांनी उत्तर पाठवले, "मुद्दल गेले. व्याज कोण देणार?" बाबा लहानपणी देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकले. त्यात प्यादे एकेकच घर चालते. पहिल्या उडीत दोन घरे टाकणारे प्यादे त्यांना मुळातच उधळ्या वाटते. मग असे ठरले, की एकाच गॅम्बिटचे पाच डाव मैत्रीने खेळायचे. पांढरी नेहमी माझी. प्यादे मी द्यायचे, त्यांनी घ्यायचेच. यंत्राची मदत कुणी घ्यायची नाही. पाच डावांनंतर मुद्दल खरे की व्याज खरे, त्याचा निकाल लावायचा.

गॅम्बिट हा शब्द मूळचा इटालियन. 'गांबा' म्हणजे तंगडी. समोरच्याच्या पायात पाय घालून त्याला आडवा करायचा, ही त्यातली कल्पना. आपल्या तालमीतल्या पैलवानाला हे समजावून सांगावे लागणार नाही. तो त्याला टांग म्हणतो. स्पेनमधल्या रुय लोपेझ नावाच्या पाद्र्याने १५६१ साली बुद्धिबळावर पुस्तक लिहिले, त्यात हा शब्द पटावर आणला. टांग मारण्याची विद्या एका धर्मगुरूने रूढ करावी, यात मला तरी काही विसंगत वाटत नाही.

मी निवडलेल्या गॅम्बिटचे नाव इव्हान्स गॅम्बिट. हे कॅप्टन इव्हान्स वेल्समधले, जन्म १७९०. वेल्समधले मिलफर्ड हेवन बंदर आणि आयर्लंडमधले वॉटरफर्ड यांच्यामध्ये टपालाची बोट चालवीत. इकडची पत्रे तिकडे, तिकडची इकडे. मधल्या समुद्रात वेळच वेळ. त्या वेळात, १८२४ च्या सुमारास, त्यांना ही युक्ती सुचली. दोन्हीकडची राजासमोरची प्यादी पुढे येतात, घोडे येतात, उंट येतात, सगळे कसे सभ्य गृहस्थांसारखे चाललेले असते. आणि एकदम पांढरा आपले वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचे प्यादे दोन घरे पुढे सारून काळ्या उंटाला म्हणतो, घे. उंट ते घेतो. लगेच दुसरे प्यादे त्या उंटाला हुसकते. उंट पळतो. तो पळेपर्यंत पांढऱ्याने पटाचा मधला चौक व्यापलेला असतो आणि राजा किल्लेकोटात सुखरूप बसलेला असतो. एका प्याद्याच्या किमतीत ही एवढी मालमत्ता! कॅप्टनसाहेबांनी १८२७ च्या सुमारास लंडनला मॅक्डॉनेल या तिथल्या नामांकित खेळाडूला या गॅम्बिटने लोळवले, आणि पुढची साठ-सत्तर वर्षे युरोपभर प्यादी फुकट वाटण्याची लाट आली. १८५२ साली बर्लिनमध्ये अँडरसन आणि डुफ्रेन यांच्यात झालेला, 'सदाहरित' म्हणून अजून वाखाणला जाणारा डाव याच गॅम्बिटचा.

हा गॅम्बिट टपालाच्या बोटीवर जन्माला आला, हे मला फार आवडते. त्याच सुमारास दुसरीकडे टपालाने डाव खेळणेही सुरू झाले होते. १८२४ साली लंडन आणि एडिंबरो या शहरांतल्या मंडळांनी पत्राने खेळायला सुरुवात केली. पाच डाव संपायला १८२८ उजाडले. एडिंबरोने दोन जिंकले, एक घालवला, दोन बरोबरीत सुटले. त्या सामन्यावरून एका सुरुवातीला स्कॉटिश डाव हे नाव पडले, ते आजतागायत टिकून आहे. १८४० साली इंग्लंडात एका पेनीत कुठेही पत्र जाऊ लागले आणि मग पत्री बुद्धिबळाला बरकत आली. पत्राच्या डावाची मौज अशी, की समोरासमोर बसून 'हात लावला, हलवलाच पाहिजे' अशी घाई नाही. मोहरे मांडून ठेवायचे, जेवायचे, झोपायचे, उठून पुन्हा बघायचे. म्हणून एखादी नवी युक्ती खरी की खोटी, हे तपासायला टपालासारखी कसोटी नाही. घाईत खपलेला खोटा नाणेप्रकार सवडीने हातात धरला की वाजवून कळतो.

या कसोटीचा सगळ्यांत गाजलेला खटला मात्र पत्राने नव्हे, तारेने चालला. हे बाबांना सांगितले तेव्हा त्यांचा फोन पहिल्यांदाच अकरा सेकंदांच्या वर गेला.

त्या खटल्यातले वादी विल्हेल्म स्टाइनिट्झ, जन्म प्रागचा, मुक्काम न्यूयॉर्क. १८८६ साली ते पहिले अधिकृत जगज्जेते झाले. त्यांचे तत्त्वज्ञान आमच्या कर्जविभागात शोभण्यासारखे. प्यादे म्हणजे भांडवल. समोरचा मूर्खासारखे देतो आहे ना, घ्या. मग तो हल्ला करील, करू द्या. आपण दारे-खिडक्या लावून आत बसावे. हल्ला केव्हातरी ओसरतोच, आणि मग जमाखर्चात आपले एक प्यादे जास्त. प्रतिवादी मिखाईल चिगोरिन, सेंट पीटर्सबर्गचे. त्यांचे म्हणणे, आज मिळालेला वेळ हीच खरी संपत्ती, उद्याचे कुणी पाहिले? १८८९ साली हवाना येथे हे दोघे जगज्जेतेपदासाठी भेटले. चिगोरिनने पुन्हा पुन्हा इव्हान्स गॅम्बिट टाकला. स्टाइनिट्झने सामना दहा विरुद्ध सहा विजयांनी जिंकला. एकच डाव बरोबरीत सुटला, तोही शेवटचा.

आता खरे म्हणजे प्रकरण मिटले होते. आमच्या बँकेत एवढ्यावर फाइल बंद झाली असती. पण स्टाइनिट्झने त्याच साली पुस्तक लिहिले आणि त्यात छापून टाकले, की इव्हान्स गॅम्बिटला सहाव्या खेळीला वजीर राजाच्या उंटाच्या प्याद्यापुढे आणून ठेवावा, काही होत नाही. चिगोरिन म्हणाले, होते. जगज्जेता माणूस, हसून गप्प बसला असता तर कुणी जाब विचारणार नव्हते. पण हा गृहस्थ म्हणाला, होते ना? मग दाखवा. आणि १८९०-९१ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क आणि सेंट पीटर्सबर्ग यांच्यामध्ये, अटलांटिकच्या तळातून गेलेल्या तारेवरून, वादातल्या खेळ्यांपासूनच दोन डाव सुरू झाले. एका डावात हा इव्हान्स गॅम्बिट, दुसऱ्यात स्टाइनिट्झच्या पुस्तकातली दुसरी एक खेळी.

गॅम्बिटच्या डावात काय झाले ते मी बाबांना पट मांडून दाखवले. प्यादे पोटात घालून स्टाइनिट्झचा वजीर बाहेर आला, हुसकला गेला, पुन्हा हलला, आणि तेराव्या खेळीला राजाच्या पलीकडे, उंटाच्या रिकाम्या घरात जाऊन बसला. घोडा मागे येऊन वजिराच्या घरी. ज्याने प्यादे खाल्ले तो उंट तीनदा पळून शेवटी एका प्याद्याच्या जागी. चाळीत पाहुणे आले की कोण कुठे झोपले हे सकाळपर्यंत कळत नाही, तशी काळ्याच्या घरची अवस्था. चौदाव्या खेळीला चिगोरिनने आणखी एक प्यादे त्या गर्दीत ढकलून दिले, आणि मग सगळे दरवाजे बाहेरूनच उघडत गेले. दुसऱ्या डावात स्टाइनिट्झने नवव्या खेळीला आपला घोडा पटाच्या अगदी कडेला नेऊन ठेवला होता. तोही डाव गेला. दोन्ही डाव चिगोरिनचे.

यातली खरी गंमत पुढेच आहे. हा तारेचा सामना चालू असतानाच स्टाइनिट्झ न्यूयॉर्कमध्ये गुन्सबर्ग नावाच्या खेळाडूशी जगज्जेतेपदाचा सामना खेळत होते. त्या सामन्याच्या बाराव्या डावात गुन्सबर्गने इव्हान्स गॅम्बिट टाकला. स्टाइनिट्झनी पुन्हा तीच वजिराची खेळी केली, आणि तो डावही हरले. सामना त्यांनी जिंकला, पण शब्द मागे घेतला नाही. याला हट्ट म्हणावे की प्रामाणिकपणा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. छापील शब्दासाठी स्वतःचे पद आणि नाव तारण ठेवणारा माणूस आमच्या कर्जविभागाने कधी पाहिलेला नाही.

हे सगळे ऐकून बाबा म्हणाले, "तारेचा खर्च कुणी केला?"

इकडे आमचा सामना चालू होताच. स्टाइनिट्झचे नावही आयुष्यात ऐकलेले नसताना बाबा अगदी त्याच वळणाने खेळत. प्यादे घेत आणि दारे लावून बसत. पहिले दोन डाव मी हरलो. माझा हल्ला पावसाळ्यातल्या छत्रीसारखा, ऐन वेळी उलटा व्हायचा. तिसरा मी जिंकला. बाबांनी तार पाठवली, "हरलो. तूर फुलली." चौथ्या डावात मी अशी काही मांडणी केली, की चिगोरिननेही पाठ थोपटली असती. त्यांच्या राजाला हलायला फारशी घरे उरली नव्हती. सोमवारी रात्री खेळी करून मी कॉलर ताठ करून झोपलो.

मंगळवारी उत्तर नाही. बुधवारीही नाही. हिचा फोन लागेना. घंटी वाजे आणि बंद पडे. गुरुवारी सकाळी घड्याळात बारा तास उरले. बँकेत मी एका खातेदाराला त्याच्याच पासबुकावर दुसऱ्याची नोंद करून दिली. दुपारी सात तास. ही म्हणाली, "सुट्टी काढा, आपण निघू." मी म्हटले, "थांब, माणूस विचार करत असेल. वाईट डाव आहे त्यांचा." म्हटले खरे, पण मला माझाच हल्ला आवडेनासा झाला होता. ती खेळी परत घेता आली असती तर मी घेतली असती, सगळी प्यादी व्याजासकट परत केली असती. संध्याकाळी आम्ही एस.टी. स्टँडवर उभे असताना, मुदतीला चाळीस मिनिटे राहिली असता, माझा मोबाइल थरथरला. पटावर काळ्या राजाने एक घर बाजू घेतली होती. खाली चौकोनात लिहिले होते, "दवाखान्यात. अंगणात घसरलो. हाड शाबूत. तुमचा उंट सांभाळा."

गाडी आली होती, म्हणून आम्ही चढलो. पहाटे पोचलो. बाबा पलंगावर उशीला टेकून बसले होते. ही आधी रडली, मग रागावली. "दोन दिवस इथे आहात आणि कळवलं नाहीत?"

बाबा म्हणाले, "आयुष्यभर लोकांच्या घरी तारा धाडल्या मी. तारवाला दारात दिसला की बाया आधी रडायला लागायच्या, मग कागद उघडायच्या. आपल्या माणसाला तशी तार करायची नाही, असं तेव्हाच ठरवलं होतं. शेजारच्या पोराकडून फोन चार्ज करून घेतला, म्हटलं खेळीच पाठवावी. खेळी आली म्हणजे माणूस आहे, एवढं जावईबापूंना कळतं."

मी काहीच बोललो नाही. तो उंट खरोखरच सांभाळायला हवा होता. मी सांभाळला नाही, पण डाव जिंकला.

पाचव्या डावाला सुरुवात दवाखान्यातच झाली, एकमेकांसमोर बसून, तरी मोबाइलवरच, कारण नियम म्हणजे नियम. वेळ घालवायला मी बाबांना इतिहासाचा उरलेला भाग सांगितला, आणि तिथे चुकलो. म्हटले, १८९२ साली चिगोरिन आणि स्टाइनिट्झ पुन्हा हवानाला भेटले. तेविसाव्या डावात चिगोरिन जिंकण्याच्या बेतात होते, जिंकले असते तर सामना बरोबरीत आला असता. पण राखणीला बसवलेला उंट त्यांनी स्वतःच हलवला आणि दोन खेळ्यांत मात अटळ झाली. ज्याची तार खरी ठरली त्याच्या हाती मुकुट आला नाही. आणि ज्याने मुकुट राखला, त्याच्याकडून १८९४ साली लास्करने तो काढून घेतला. या लास्करनेच इव्हान्स गॅम्बिटवर खरा उतारा काढला. तो असा, की प्यादे घ्यावे, जरा वेळ खिशात ठेवावे, आणि ऐन वेळी मुकाट्याने परत करावे. वजीर वजिराला मारून मोकळे होतात, हल्ला विरतो, कुणी कुणाचे देणे लागत नाही. त्यानंतर मोठ्या सामन्यांत इव्हान्स गॅम्बिट क्वचितच दिसू लागला.

"म्हणजे मेला?" बाबांनी विचारले.

मेला कसला! बँकेत निष्क्रिय खाते असते ना, दहा वर्षे कुणी फिरकत नाही आणि एक दिवस वारस येऊन उभा राहतो, तसे. १९९५ साली रिगा येथे कास्पारोव्हने हाच गॅम्बिट आपल्या विश्वनाथन आनंदविरुद्ध बाहेर काढला आणि पंचवीस खेळ्यांत डाव जिंकला. स्टाइनिट्झचा तो पटाच्या कडेला नेलेला घोडासुद्धा १९६३ साली फिशरने बिसगायरविरुद्ध पुन्हा तिथेच नेला, आणि फिशर जिंकला! तारेने खोटे ठरवलेले बहात्तर वर्षांनी खरे झाले. आता पत्री बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत यंत्राची मदत घ्यायला परवानगी असते. परिणामी वरच्या पातळीवर जवळजवळ सगळे डाव बरोबरीत सुटतात. कुणी चुकत नाही, त्यामुळे कुणाला तारेची वाट पाहावी लागत नाही.

बाबा सगळे शांतपणे ऐकत होते. पाचव्या डावात त्यांनी माझे प्यादे घेतले, जरा वेळ खिशात ठेवले, आणि ऐन वेळी मुकाट्याने परत केले. वजीर वजिराला मारून मोकळे झाले. माझा हल्ला विरला. डाव बरोबरीत सुटला, सामनाही. दोन तुमचे, दोन आमचे. मुद्दल खरे की व्याज खरे, हे अनिर्णित राहिले. शत्रूला इतिहास सांगू नये, एवढा धडा मात्र मिळाला.

डिस्चार्जच्या दिवशी ही पुन्हा म्हणाली, "बाबा, आता तरी चला." आम्ही नेहमीच्या उत्तराची वाट पाहत राहिलो. बाबांनी लिफ्टचे नाव काढले नाही. बराच वेळ त्यांनी खिडकीबाहेर पाहिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "येतो. पण घेतलेलं प्यादं परत करायचं असतं, हे तुम्हीच सांगितलंत. दिवाळी झाली की मला गावी आणून सोडायचं."

दिवाळी होऊन आता चार महिने झाले आहेत. बाबा आमच्याच घरी, पलीकडच्या खोलीत असतात. सामना नंबर दोन चालू आहे, एका खेळीला तीन दिवस. आत्ताच त्यांची तार आली, "प्यादे घेतले. चहा पाठवा."